पेरणीला सगळे, राखणीला कोण?

गेल्या वर्षी २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनाचं निमित्त साधून, आमच्या भागातल्या एका महाविद्यालयानं विकिपीडियाची कार्यशाळा ठेवली होती. मला मार्गदर्शनाला बोलावलं होतं. संगणक कक्षात चाळीसेक मुलंमुली, हातात दोन तास आणि फळ्यावर खडूनं लिहिलेलं उद्दिष्ट: पन्नास नवे लेख. वेळ संपायच्या आत पन्नास झाले. टाळ्या वाजल्या, प्रमाणपत्रं वाटली, दुसऱ्या दिवशी फोटोसकट बातमी आली.

पुढच्या पंधरा दिवसांत त्यातले निम्म्याहून जास्त लेख काढून टाकावे लागले. कुणी विश्वकोशातली नोंद उचलून जशीच्या तशी चिकटवली होती, कुणी वर्तमानपत्राच्या पुरवणीतला लेख. दोघातिघांनी आपल्याच संस्थाचालकांवर लिहिलं होतं आणि त्यात विशेषणांखेरीज काही नव्हतं. जे लेख टिकले त्यांच्याकडे नंतर कुणी फिरकलेलं नाही. मी अधूनमधून त्यांचा इतिहास उघडून बघतो. शेवटचा बदल त्याच दिवशीचा असतो, दुपारी बाराच्या सुमाराचा.

त्या मुलांना मी दोष देत नाही. लेख लिहिला की काम संपलं असं त्यांना मोठ्यांनीच सांगितलं होतं. माझं म्हणणं नेमकं याच्या उलट आहे. मराठी विकिपीडियाला आज नव्या लेखांपेक्षा कितीतरी जास्त गरज आहे ती असलेले लेख तपासणाऱ्या, दुरुस्त करणाऱ्या आणि वर्षानुवर्षं त्यांच्यावर नजर ठेवणाऱ्या माणसांची. शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही. ज्वारीच्या कणसात दाणा भरू लागला की गोफण घेऊन कुणीतरी माळ्यावर चढतंच. बियाणं टाकून घरी जाऊन झोपलेला शेतकरी मी माण-खटावात तरी पाहिलेला नाही.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला सुरू झाला. आता तिथल्या लेखांची संख्या लाखाच्या घरात आहे. एक रुपयाही न घेता लोकांनी हे उभं केलं, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. पण आपल्या भागातलं कुठलंही लहानसं गाव तिथे शोधून बघा. बऱ्याच गावांच्या पानावर एक वाक्य सापडेल: अमुक गाव तमुक तालुक्यात आहे. त्याखाली मथळे असतील. भौगोलिक स्थान, हवामान, लोकजीवन, प्रेक्षणीय स्थळे, नागरी सुविधा, जवळपासची गावे. मथळ्यांखाली काही नसतं, किंवा हवामानाचा तोच एक परिच्छेद असतो जो शेजारच्या शंभर गावांच्या पानांवर आहे. आता आमचा सातारा जिल्हा असा, की महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो आणि माणमध्ये पाचशेच्या आसपास पडला तरी लोक समाधान मानतात. ‘पावसाळ्यात भरपूर पाऊस पडतो’ हे वाक्य एका टोकाला खरं आणि दुसऱ्या टोकाला खोटं. साच्यातून पानं काढणाऱ्याला हा फरक दिसत नाही. तो दिसतो तिथल्या माणसाला, आणि तो माणूस ते पान कधी उघडत नाही.

लेखांची संख्या वाढवणं आता फारसं अवघड राहिलेलं नाही. फिलिपिन्समधल्या सेबुआनो भाषेचा विकिपीडिया लेखसंख्येत इंग्रजीच्या खालोखाल आहे, कारण त्यातले बहुतेक लेख एका सांगकाम्यानं, म्हणजे आपोआप चालणाऱ्या प्रोग्रामनं तयार केले. त्याहून मन विषण्ण करणारी गोष्ट स्कॉटलंडमधल्या स्कॉट्स भाषेची. २०२० मध्ये उघड झालं, की स्कॉट्स विकिपीडियावरचे हजारो लेख अमेरिकेतल्या एका किशोरवयीन मुलानं लिहिले होते आणि त्याला ती भाषा येतच नव्हती. इंग्रजी वाक्यात मधेमधे स्कॉट्स शब्द बसवून त्यानं वर्षानुवर्षं लिहिलं. त्यात वाईट हेतू नव्हता, त्याला मदतच करायची होती. पण भाषा जाणणारं, रोज नजर टाकणारं माणूसच तिथे पुरेसं नव्हतं, म्हणून जगभर लोक तेच स्कॉट्स समजून वाचत राहिले.

मराठीत असं व्हायला वेळ लागणार नाही. आजच यंत्रानं भाषांतर करून टाकलेले परिच्छेद दिसतात, ज्यात बारवेला ‘पाऊल विहीर’ म्हटलेलं असतं. शब्द मराठी, पण बोलणारं माणूस मराठी नाही. आणि मोबाईलला प्रश्न विचारल्यावर क्षणात उत्तर देणारी जी यंत्रं आता घरोघरी आली आहेत, त्यांचं शिक्षण ज्या मजकुरावर होतं त्यात विकिपीडिया मोठा आहे. इथे राहून गेलेली चूक उद्या त्यांच्या तोंडून खात्रीच्या सुरात ऐकू येईल.

तपासणी म्हणजे प्रत्यक्षात काय, हे मी स्वतः चूक करून शिकलो. सुरुवातीच्या काळात एका स्वातंत्र्यसैनिकाच्या लेखात मी ‘सातारा जिल्हा’ खोडून ‘सांगली जिल्हा’ केलं. गाव वाळवा तालुक्यातलं, वाळवा सांगलीत, मला शंकाच नव्हती. दुसऱ्या दिवशी कुणीतरी माझा बदल उलटवला. मी परत केला, त्यानं परत उलटवला. मग त्या अनोळखी संपादकानं चर्चा पानावर, म्हणजे लेखाला जोडून असलेल्या संपादकांच्या बोलण्याच्या पानावर, चार ओळी लिहिल्या. १९४९ मध्ये सातारा जिल्ह्याचे उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन भाग झाले, आणि दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव १९६० मध्ये मिळालं. लेखातली घटना १९४३ ची. तेव्हा सांगली हे पटवर्धनांचं संस्थान होतं आणि ते गाव इंग्रजांच्या सातारा जिल्ह्यात होतं. म्हणूनच नाना पाटलांच्या प्रतिसरकारला इतिहासात ‘साताऱ्याचं प्रतिसरकार’ म्हणतात, जरी त्याचा मोठा मुलूख, खुद्द कुंडलसुद्धा, आज सांगली जिल्ह्यात येतो.

आम्ही दोघं चूक नव्हतो आणि दोघांचंही वाक्य अपुरं होतं. शेवटी लेखात लिहिलं गेलं ते ‘तेव्हाच्या सातारा जिल्ह्यातील (आता जिल्हा सांगली)’. चार शब्दांच्या त्या दुरुस्तीसाठी तीन दिवस गेले. त्या संपादकाला मी आजही ओळखत नाही, पण एखाद्या वाक्याला साल लावल्याशिवाय ते खरं की खोटं ठरवता येत नाही, हे मला त्यानं शिकवलं. अशी चर्चा पानं मला लेखांइतकीच मोलाची वाटतात. इतिहास उघडला की कोणतं वाक्य कुणी, कधी, का बदललं हे कुणालाही बघता येतं. ही सोय छापील कोशात कधीच नव्हती.

छापील कोशाचं नाव काढलं की आमच्या जिल्ह्यात हात आपोआप जोडले जातात, आणि ते योग्यच आहे. मराठी विश्वकोश वाईत झाला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी प्रमुख संपादक, कृष्णाकाठचं ते छोटं गाव, आणि तिथे बसून अणुविज्ञानापासून व्याकरणापर्यंतच्या नोंदी मराठीत आणायच्या, त्यासाठी आधी शेकडो पारिभाषिक शब्द ठरवायचे. पहिला खंड १९७६ मध्ये आला आणि वीस खंड पुरे व्हायला चार दशकांच्या आसपास लागली. त्याआधी श्रीधर व्यंकटेश केतकरांनी चक्क कंपनी काढून, भागभांडवल उभं करून तेवीस खंडांचा ज्ञानकोश मराठीला दिला. एवढं मोठं घर आपल्याला वारशात मिळालं आहे.

विकिपीडियावर अविश्वास दाखवणारी मंडळी याच परंपरेचा दाखला देतात. विश्वकोशात नोंद लिहायची ती विषयाच्या जाणकारानं, तिच्याखाली त्याचं नाव असायचं, संपादक मंडळ ती तपासायचं. आणि इथे कुणीही उठतो नि लिहितो. हा आक्षेप मी हलक्यात घेत नाही, त्यात दम आहे. पण विश्वकोशाचा विश्वास नोंदीखालच्या नावावर जेवढा उभा होता, तेवढाच त्या नावामागच्या तपासणीवरही. तज्ज्ञानं पाठवलेली नोंदही संपादकांच्या हाताखालून जायची, कारण चूक तज्ज्ञाच्याही हातून होते. वाईची खरी शिकवण मला ती तपासणी वाटते, आणि ती मुक्त कोशातही आणता येते. नेचर या विज्ञानविषयक नियतकालिकानं २००५ मध्ये विज्ञानाचे ४२ लेख तज्ज्ञांना तपासायला दिले होते. विकिपीडियाच्या लेखात सरासरी चार चुका निघाल्या, ब्रिटानिका या इंग्रजी ज्ञानकोशाच्या लेखात तीन. त्याच वर्षी जॉन सीगेन्थेलर या अमेरिकी पत्रकाराच्या चरित्रात कुणीतरी घातलेला धादांत खोटा मजकूर चार महिने तसाच राहिल्याचंही उघड झालं. दोन्ही गोष्टी एकाच कोशाबद्दल खऱ्या आहेत. ज्या पानावर माणसांची नजर होती ते ब्रिटानिकाच्या जवळ पोचलं, ज्यावर नव्हती तिथे बदनामी चार महिने राहिली. आणि हे इंग्रजीत, जिथे हजारो लोक रात्रंदिवस ‘अलीकडील बदल’ ही यादी चाळत असतात. मराठीत असे हात मोजके आहेत. मी त्यातले काही जण ओळखतो. नोकरी, संसार सांभाळून रात्री अकरानंतर बसणारी माणसं आहेत ही.

नजर असणं पुरेसं नसतं, हेही मला मान्य आहे. क्रोएशियन विकिपीडियावर एका विचाराच्या गटानं प्रचालकपदं, म्हणजे पानं काढण्याचे आणि संपादकांना रोखण्याचे अधिकार, ताब्यात घेतली, वेगळं बोलणाऱ्यांना हुसकावून लावलं आणि इतिहास आपल्याला हवा तसा वाकवला. लहान भाषेच्या कोशाला हा धोका मोठा असतो, कारण पाचसहा जण एकत्र आले तरी पुरतात. त्यावर उपाय एकच: तपासणारे पुष्कळ हवेत आणि ते एका गोतावळ्यातले, एका जातीचे, एका पक्षाचे नसावेत. साताऱ्यातला निवृत्त मास्तर, मिरजेतली परिचारिका, विट्याचा यंत्रमागधारक, औंधचा चित्रकलेचा शिक्षक, अशांनी एकाच पानावर एकमेकांचं वाक्य तपासलं तर ते वाक्य कुणा एकाच्या बाजूला झुकत नाही.

तपासायचं कशाच्या आधारे, हा पुढचा प्रश्न आणि माझ्या मते सगळ्यात कठीण.

लिंब गावची बारामोटेची विहीर पुष्कळांनी पाहिली असेल. पुण्याच्या वाटेला हमरस्ता सोडून आत गेलं की शेतांच्या मधोमध जमिनीत उतरलेला तो महालच आहे. तिच्या शिलालेखाप्रमाणे वीरूबाई भोसले यांनी ती शके १६४१ ते १६४६ या काळात बांधून घेतली. म्हणजे इसवी सन १७१९ ते १७२४, थोरल्या शाहू महाराजांची कारकीर्द. एका पर्यटनविषयक माहितीत मला ‘१६४६ साली बांधलेली विहीर’ असं सापडलं. नकलताना ‘शके’ हा एक शब्द गळाला आणि विहीर अठ्ठ्याहत्तर वर्षं मागे, शिवाजी महाराज तोरणा घेत होते त्या काळात जाऊन बसली. अशी चूक एकदा वर्तमानपत्रात छापून आली की तीच कुणीतरी विकिपीडियावर संदर्भ म्हणून लावतो. पुढचा पत्रकार विकिपीडियावरून उचलतो. मग दोन संदर्भ होतात. वर्षभरात पाच होतात आणि खरं सांगणारा एकटा पडतो.

शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, एवढं आपल्या सगळ्यांना शाळेत शिकवलेलं असतं. पण तिथी पौषाच्या उत्तरार्धातली, माघातली किंवा फाल्गुनातली असेल तर ७९ मिळवावे लागतात, कारण इंग्रजी वर्ष जानेवारीत बदललेलं असतं आणि शक बदलतो पाडव्याला. जुन्या मोडी कागदात सुहूर सन, म्हणजे अरबी वळणाची कालगणना, असेल तर हिशेब आणखी वेगळा. आमच्या गावागावांत हे जाणणारी माणसं आहेत. मोडी वाचणारे आहेत, पंचांग जाणणारे आहेत. त्यांना कुणी सांगितलेलंच नाही, की तुमच्या या विद्येला आज एका ठिकाणी फार मागणी आहे.

विकिपीडियाचा एक नियम त्यांना पहिल्याच दिवशी खटकेल: स्वतःचं संशोधन इथे लिहायचं नाही, आधी कुठेतरी प्रसिद्ध झालेलं हवं. मी शिलालेखासमोर उभा राहून स्वतः वाचला तरी माझं वाचन तिथे चालत नाही. कुणा जाणकारानं छापलेलं वाचन लागतं. हा नियम मलाही जाचला आहे. प्रतिसरकारच्या तुफान सेनेत भाकरी पोचवणाऱ्या, निरोप नेणाऱ्या, हत्यारं लपवणाऱ्या बायका होत्या. आमच्याकडच्या म्हाताऱ्या त्यांची नावं सांगत. छापील पुस्तकांत पुरुषांची नावं पानोपानी मिळतात, बायकांची शोधावी लागतात. जे छापलं गेलं नाही ते कोशात येत नाही, आणि जे कोशात नाही ते नव्या पिढीच्या लेखी घडलंच नाही.

तरीही नियम मोडावा असं मी म्हणणार नाही. तो मोडला तर प्रत्येक घराणं आपापली वंशावळ घेऊन येईल आणि ती खोटी आहे हे दाखवायला कुणाकडेच काही नसेल. मोडायचं ते आपलं छापण्यातलं आळसाचं वळण. तालुक्याच्या महाविद्यालयातल्या इतिहास विभागानं एका वर्षी दहा आठवणी नीट नोंदवून, सांगणाऱ्याचं नाव, तारीख, ठिकाण घालून एक छोटी पुस्तिका काढली, तर त्या दहा बायकांसाठी कोशाचं दार उघडतं. साताऱ्याचं इंग्रजांच्या काळातलं गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ, १८८५ मध्ये निघालं, राज्य सरकारचं सुधारित १९६३ मध्ये. त्यानंतरच्या साठ वर्षांसाठी बोट दाखवायला काय आहे? ग्रामपंचायतीच्या स्मरणिका, शाळांचे सुवर्णमहोत्सवी अंक, सहकारी संस्थांचे अहवाल. ते कुठल्या तरी कपाटात वाळवीची वाट बघत पडलेले असतात. रयत शिक्षण संस्था १९१९ मध्ये कराड तालुक्यातल्या काले गावी सुरू झाली. या संस्थेच्या जुन्या शाळांच्या हस्तलिखित अंकांत या भागाचा शंभर वर्षांचा सामाजिक इतिहास असणार. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ ला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्यातून जो काही निधी येईल, त्यातला थोडा या कपाटांसाठी वापरावा, स्कॅन करून सगळ्यांना वाचता येईल असं ठेवावं. एवढी मागणी करायला मला संकोच वाटत नाही.

आणि एक अवघड गोष्ट. २०२५ च्या फेब्रुवारीत छत्रपती संभाजी महाराजांविषयी इंग्रजी विकिपीडियावर असलेल्या मजकुरावरून महाराष्ट्रात संताप उसळला आणि महाराष्ट्र सायबर पोलिसांनी काही संपादकांवर गुन्हा नोंदवला. साताऱ्याच्या माणसाला त्या विषयात काय वाटतं हे मी वेगळं सांगायला नको, मलाही तेच वाटतं. पण बखरींनी रंगवलेली संभाजी महाराजांची प्रतिमा इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी पुसली ती फिर्याद देऊन नव्हे. त्यांनी आयुष्यातली कित्येक वर्षं मूळ कागद तपासण्यात घातली आणि बखरींसमोर पुरावा ठेवला. आज तोच पुरावा चर्चा पानावर, पृष्ठक्रमांकासह मांडणारे किती निघाले? गुन्ह्याच्या भीतीनं चुकीचं लिहिणारा थांबेल की नाही ठाऊक नाही, पण तपासायला येऊ पाहणारा शिक्षक नक्की थांबेल. माझ्या ओळखीच्या दोघांनी त्या महिन्यानंतर इतिहासाच्या पानांना हात लावणं सोडलं. त्या पानांना त्यांचीच गरज होती.

कार्यशाळा घेणाऱ्यांना मी आता वेगळी अट घालतो. नवा लेख एकही नको. प्रत्येक मुलानं आपल्या गावाचं किंवा आवडीच्या विषयाचं असलेलं एक पान घ्यावं, वरच्या चांदणीवर टिचकी मारून ते पहाऱ्याच्या सूचीत टाकावं, म्हणजे त्यात बदल झाला की ते तिथे दिसतं, आणि वर्षभर सांभाळावं. वाक्यागणिक विचारावं: हे कशावरून? संदर्भ दिला असेल तर तो उघडून वाचावा, कारण पुष्कळदा संदर्भात ते वाक्य नसतंच. नसेल तर ग्रंथालयात जाऊन शोधावं. न सापडल्यास वाक्यापुढे ‘संदर्भ हवा’ लावावा आणि चर्चा पानावर सभ्य भाषेत विचारावं. गुण द्यायचे तर या कामाचे द्यावेत. मागच्या जूनपासून एका ठिकाणी अकरा मुलं हे करताहेत. त्यांनी एकही नवा लेख लिहिलेला नाही, म्हणून बातमी आलेली नाही. पण त्यातल्या एका मुलीनं गावचं क्षेत्रफळ हेक्टरचं एकरात बदलताना झालेली चूक पकडली, आणि तीच चूक शेजारच्या सात गावांच्या पानांवर आहे हे स्वतःहून शोधून काढलं. ती सांगायला आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी कुठल्याच प्रमाणपत्र वाटपात पाहिलेलं नाही.

काल रात्री माझ्या सूचीत माणमधल्या एका गावाचं पान वर आलेलं दिसलं. तीन वर्षांत पहिल्यांदाच. नाव न नोंदवता कुणीतरी ‘लोकजीवन’ या रिकाम्या मथळ्याखाली दोन ओळी लिहिल्या होत्या. चैत्रातल्या यात्रेबद्दल, आणि पालखी अमुक वाड्यावरूनच का जाते त्याबद्दल. शुद्धलेखनाच्या चुका होत्या, संदर्भ नव्हता. मी त्या ओळी उडवल्या नाहीत. चुका दुरुस्त केल्या, ‘संदर्भ हवा’ लावलं आणि चर्चा पानावर लिहिलं: “नमस्कार. माहिती फार चांगली आहे. यात्रेची छापील पत्रिका, गावाची स्मरणिका किंवा पालखीबद्दल कुठे छापून आलेलं आपल्याकडे आहे का? नसेल तर कुठे मिळेल ते सांगा, मी येऊन बघतो.”

सकाळी पाहिलं, उत्तर नव्हतं. संध्याकाळी परत बघेन.